सात दिवस बेटर

“कशापरीस?”

“कशापेक्षा म्हणजे? बुवा, तिची तब्येत बेटर आहे, एवढंच सांगतोय मी.”

“त्येच इचारतोय. बेटर... कशापरीस?”

डॉक्टर भास्कर जगदाळेला उलटा प्रश्न विचारणारं माणूस तालुक्यात उरलं नव्हतं. बारा खाटांचा दवाखाना, पाटीवर नावाहून लांब पदव्या, बाहेर बाकावर ताटकळलेली माणसं. त्याच्यासमोर जो तो मान डोलवायचा. आणि हा मळक्या पंच्यातला म्हातारा करंजाखाली बसून त्याची उलटतपासणी घेत होता.

कोंडीबुवांचा मठ म्हणजे एक दगडी खोली, वर पत्रा आणि पुढं हे करंजाचं झाड. बुवा काही जन्माचे बैरागी नव्हते. तीस वर्षं क्षयाच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. पेन्शनीत निघाले ते घरी न जाता सरळ टेकडीवर आले. अंगारा देत नसत, भविष्य सांगत नसत. तरी लोक यायचे आणि जाताना हलके होऊन जायचे.

भास्कर काही शिष्य व्हायला आला नव्हता. काम घेऊन आला होता.

काम राहीआत्याचं होतं. भास्कर तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. ऐन विशीत कपाळ पुसून माहेरी आलेल्या आत्यानं त्याला उचललं ते आजतागायत खाली ठेवलं नव्हतं. तीच त्याची आई. पंधरा-वीस दिवसांपूर्वी पावसात भिजल्याचं निमित्त झालं आणि तिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस ती त्याच्याच दवाखान्यात होती. ताप उतरला, छातीचा फोटो बरा आला, भास्करनं तिला घरी नेलं. त्याला आज सात दिवस झाले होते.

आणि आत्या जेवत नव्हती.

“तुमच्यावर तिची श्रद्धा आहे,” भास्कर म्हणाला. “घरी चला. जेव म्हणून सांगा. तुमचं ऐकेल.”

“तू सांगितलंस?”

“रोज सांगतो.”

“मग?”

“हो म्हणते. दोन घास खाते आणि भिंतीकडं तोंड करून पडते.”

“आन् कसं वाटतंय म्हनून इचारलं की?”

“बेटर, म्हणते.”

आत्याची शाळा दुसरीत सुटलेली. तिच्या तोंडी हा शब्द आला तो भाच्याकडून. तसा तो आमच्या भागात दवाखान्यातूनच आला आणि चपला न काढता थेट माजघरात गेला. ताप उतरला, बेटर. जावयाची दारू कमी झाली, बेटर. विहिरीला चार बोटं पाणी चढलं, बेटर. मूळच्या भाषेत त्याला म्हणे सोबतीला कुणीतरी लागतं, अमक्यापेक्षा तमकं. आमच्याकडे तो एकटाच हिंडतो आणि त्याला कोणी अडवत नाही.

भास्करनं पिशवीतून एक वही काढली. घरातल्या रोग्याचीसुद्धा वही ठेवणारा डॉक्टर होता तो, आणि याचा त्याला अभिमान होता.

“हे बघा. रोजची नोंद आहे.”

बुवांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण डोळे होते.

“हे एकच चित्तर सात वेळा काढलंयस.”

“तेच. बेटर.”

“शाळंत मास्तर शिक्षा म्हनून लिवायला लावत्यात, तसं दिसतंय.”

भास्करला हसावं की रागवावं कळेना.

“पहिल्या दिशी बेटर. कशापरीस?”

“दवाखान्यात होती त्यापेक्षा.”

“दुसऱ्या दिशी?”

“पहिल्या दिवसापेक्षा.”

“तिसऱ्या?”

“दुसऱ्यापेक्षा. बुवा, रोज कालच्यापेक्षा बेटर. बरं होणं म्हणजे दुसरं काय असतं?” वाक्य आपल्याला छान साधलं असं भास्करला वाटलं.

बुवांनी बोटांवर हिशेब केला. पहिलं, दुसरं, तिसरं... सातवं.

“सात दिस सारखी चढ चढत गेली म्हन की ती. मग आतापतूर रानात भांगलायला पायजे हुती. अजून खाटंवर कशी?”

करंजाचं एक पान वहीवर पडलं. बुवांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

“डॉक्टर, आमच्या दवाखान्यात सकाळी मोठं सायेब राउंडला यायचं. मागं नर्सा, हातात कागद. चाळीस खाटा. चाळीसच्या चाळीस बेटर.”

“मग?”

“सायेब गेलं की मी जायचा. मुताचं भांडं घिऊन.” बुवांनी वही मिटली. “माझ्यापाशी कुनी बेटर नसायचं.”

भास्करच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वॉर्डबॉयनं आपल्याला शिकवावं! त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. उठून जावं असं त्याच्या मनात आलं, पण आत्याचं भिंतीकडं वळलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. तो बसून राहिला.

“तसं काळजीचं काही नाही,” तो स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला. “उलट एक गोष्ट फार चांगली झालीय. आत्याचा स्वभाव बदलला.”

“म्हंजे?”

इथं राहीआत्याचा स्वभाव सांगणं भाग आहे. ‘चांगलं’ हा शब्द तिच्या तोंडून गावात कुणी ऐकला नव्हता. दूधवाला तिच्या दारापुढून सायकल हातात धरून, खाली मान घालून जायचा. लग्नाच्या मांडवात ती पहिल्या घासाला आचाऱ्याला बोलावून घ्यायची. भास्कर डॉक्टर झाला तेव्हा पेढा तोंडात टाकून ती म्हणाली होती, “खव्यात पीठ हाय. आन् तू किती वाळलायस!” त्याला सांगून आलेली आठ स्थळं तिनं परतवली होती. त्यातलं एक तर केवळ मुलगी चहा फुंकून पिते म्हणून. तो चौतिशीला आला तरी घरात दुसरं माणूस आलं नव्हतं ते असं.

“कशालाच नाव ठेवत नाही आता,” भास्कर कौतुकानं सांगत होता. “शेजारच्यांकडून डबा येतो. गोड मानून घेते. काल भाजीत मीठच नव्हतं. मी तोंडात घातली आणि थुंकली. ती म्हणाली, चांगली झालीय. बुवा, आयुष्यात पहिल्यांदा! आजारपणानं माणूस शांत होतं ना...”

बुवांचा हात वहीवरून निघाला. ते उठून उभे राहिले.

“काठी दे माझी.”

“काय झालं?”

“राही चांगलं म्हनाली... आन् तू माझ्यापुढं बसून गोष्टी सांगतूस?”

उतारावर बुवा एक शब्द बोलले नाहीत. म्हाताऱ्याची काठी इतक्या भराभर पडत होती की भास्करला धाप लागली.

घरात शिरल्यावर भास्करला वाटलं, बुवा आता आत्याच्या उशाशी बसतील, डोक्यावरून हात फिरवतील. बुवा खाटेजवळ थांबलेसुद्धा नाहीत.

“राहीबाई, आज हितंच जेवनार मी.”

“बसा, बुवा,” आत्या भिंतीला म्हणाली. आवाज कापसासारखा.

बुवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. तिथून चूलही दिसत होती आणि खाटही.

“भाकरी कर.”

“मी?”

“मग काय मी? पावना हाय मी.” बुवांनी आवाज खाली आणला. “आन् एक. तिला काय इचारायचं न्हाई. तोंडातनं सवाल निघाला की मी उठलो.”

भाकरी भास्करला येत नव्हती असं नाही. आठव्या वर्षी आत्यानं त्याला परातीपुढं बसवलं होतं. उद्या मी नसले तर उपाशी मरशील, म्हणाली होती. त्यानं थापलेल्या भाकरीचा तिनं गल्लीभर नकाशा म्हणून बोभाटा केला, आणि त्याचं शिक्षण तिथंच संपलं.

आज सव्वीस वर्षांनी त्यानं परातीत पीठ घेतलं. पाणी ओतलं. मळायला लागला. पीठ हाताला चिकटलं, मग मनगटाला, मग घड्याळाला. उंडा म्हणून जे हातात आलं ते बोटांतून खाली गळत होतं. त्यानं आणखी पीठ टाकलं. थापायला सुरुवात केली.

थप... थप... थपाक.

खाटेवर काही हललं नाही.

थप... थपाक... थपाक.

घोंगडी थोडी सरकली.

“पीठ मळलं हाय का कालवलंय?” भिंत म्हणाली.

भास्करनं चटकन मान वर केली. तोंड उघडलं. बुवांनी एक बोट उभं केलं... त्यानं तोंड मिटलं आणि थापत राहिला.

भाकरी परातीतून उचलताना फाटली. तिला जोड देऊन कशीबशी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवायचं असतं ते आठवलं, आणि त्यानं तांब्याच कलंडवला. तवा चर्र करून ओरडला.

“अरं पानी! काय पव्हायला उतारलास का तव्यात?” आत्याचं तोंड आता भिंतीकडं नव्हतं. “आन् हे काय, आच बघ की किती मोठी! खालनं करपली ती. वास येईना का तुला? नाकपन शिक्षणात घालवलंस? उलीथ! उलीथ की मेल्या!”

भास्कर उलथणं शोधत होता. ते त्याच्या हातातच होतं.

“थांब, मीच येते...”

ती कोपरावर उठली. आणि तशीच राहिली. डावा हात बरगड्यांवर गच्च दाबला गेला. श्वास अर्ध्यावर अडला.

“आई गं...”

भास्कर धावला. हात पिठानं भरलेले. सात दिवसांत पहिल्यांदा त्यानं काही विचारलं नाही. तिला धरून बसवलं, पाठीवर डावीकडे बोट ठेवून बोटानं ठोकलं. वर पोकळ. जरा खाली आला... आवाज बदलला. भरल्या घागरीवर टिचकी मारावी तसा बद्द. कान लावला. उजवीकडे श्वास ऐकू येत होता. डावीकडे खाली काहीच नाही.

छातीत पाणी झालं होतं. कालचं नव्हे.

तो खाटेच्या कडेला बसला.

“कधीपासून दुखतंय, आत्या?”

सवाल निघाला होता. बुवा उठले नाहीत.

“घरी आनलंस त्या दिसापास्नं. ह्या कुशीवर पडलं की सुई टोचती आत. घास गिळला की टोचती. म्हनून खाईना.”

“मग बोलली का नाहीस?”

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही. पण पाहिलं.

“कवा बोलू? तू यायचास, बेटर ना आत्या म्हनायचास, आन् माझं तोंड उघडायच्या आत लिवूनबी मोकळा. लिवल्यालं खोडायला लावू व्हय मी? एवढा डॉक्टर तू...”

तिनं दम खाल्ला. “आन् त्यो शब्द म्हनला की तुझं तोंड उजाडायचं रं, बाळा. एवढा दमल्याला असायचास. म्हनून म्हनत गेले.”

भास्करच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला गेला तर पीठ तोंडभर झालं. छाती तपासायची, हे मेडिकल कॉलेजात सुरुवातीलाच शिकवतात, ते त्यानं सात दिवस केलं नव्हतं. स्टेथोस्कोप कोपऱ्यातल्या खुंटीवर लटकत होता. आपल्याच घरात, आपल्याच आईला त्यानं तो लावला नव्हता.

गाडी निघाली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बुवा मागच्या सीटवर आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला, सुई घातली. बाटली भरली, दुसरीही निम्मी झाली. नळी बसवून ते बाहेर आले, भास्करच्या खांद्यावर हात ठेवला.

“वेळेवर आणलंत. अजून दोन-तीन दिवस गेले असते तर...” पुढचं भास्करला सांगायची गरज नव्हती.

“आता?”

“आता धोका नाही.”

दवाखान्याच्या जिन्यात बसून भास्कर रडला. रोग्यांच्या नातेवाइकांनी त्याच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. कितीतरी दिवसांचा दगड छातीवरून उतरत होता, आणि तो आपल्या छातीवर आहे हेही त्याला आजवर माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा टेकडी चढला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, बगलेत तीच वही.

बुवा करंजाखाली बसले होते.

“वाच,” ते म्हणाले.

भास्करनं वही उघडली. आता ती मराठीत होती.

“सोमवार. चहा पाणचट. उशी उंच. सिस्टरचे हात गार. मंगळवार. शेजारची घोरते, तिला दुसरीकडं ठेवा. मोठे डॉक्टर हुशार आहेत पण सदऱ्याचं एक बटण तुटलंय, त्यांच्या बायकोचं लक्ष नाही. बुधवार. नळी काढताना दुखलं. खूप दुखलं. उपम्यात मीठ जास्त. शुक्रवार. घरी आले तर घराचा उकिरडा केलायस. डाव्या बाजूला अजून ओढल्यासारखं वाटतं, पण झोप लागली. दूधवाला पाणी घालतो, त्याला सकाळी थांबवून ठेव...”

“थांबवला?”

“हो. सायकलवरून उतरला बिचारा. पण बुवा, हसत होता. म्हणाला, आत्या आली!”

बुवा हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भास्करही हसला. किती दिवसांनी हसत होता कोण जाणे.

मग हसू ओसरलं. करंजाची सावली सरकून त्याच्या गुडघ्यावर आली होती.

“बुवा...”

“बोल.”

“आठ वर्षं झाली दवाखान्याला. रोज साठ-सत्तर माणसं. सगळ्यांच्या कागदावर हा शब्द मीच लिहिलाय. त्यातली किती जणं नुसती माझं तोंड बघून...”

बुवांनी नाही म्हटलं नाही.

...

मग त्यांनी हात पुढं केला.

“फडक्यात काय हाय?”

“भाकरी. रोज मीच करतो आता. आत्या खाटेवरून शिव्या देते, मी थापतो. आज पहिल्यांदा फाटली नाही. तुमच्यासाठी आणलीय.”

बुवांनी फडकं सोडलं. भाकरी उन्हात धरून पाहिली. कडेला जाड होती, मध्ये काळी. एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावायला लागले. चावत राहिले.

भास्करचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले. बारावीच्या निकालाचीही त्यानं इतकी वाट पाहिली नव्हती. शेवटी राहवलं नाही.

“कशी झालीय, बुवा?”

बुवांनी त्याच्या हाताकडं पाहिलं. वही उघडी होती आणि पेन कागदावर टेकलेलं होतं.

त्यांनी कसाबसा घास गिळला. तांब्यातलं पाणी प्यायले. मिशा पुसल्या.

“बेटर,” बुवा म्हणाले.